पायाळू

ऑगस्टमधली पहाट, म्हणजे आमच्याकडे भर हिवाळा.
लाकडी होडी, एका सिलिंडरचं खोकणारं इंजिन,
पुढे धुकं, धुक्यापल्याड कुठेतरी कास्त्रोचा दवाखाना,
आणि होडीच्या तळाशी, बटाट्यांच्या रिकाम्या पोत्यांवर
तू. ओतिलिया. वय एकोणीस.

हे तू मला कधी सांगितलं नाहीस.
विचारलं तर म्हणायचीस, "थंडी होती."
जणू माझा जन्म म्हणजे हवामानाची बातमी.

बाकीचं कळलं सुनिल्दा सुईणीकडून,
तिची नजर गेल्यावर,
माझा पाय मांडीवर घेऊन, बोटं चाचपत ती म्हणाली,
हाच. हा डावा आधी आला.
निळा होता, कालवाच्या शिंपीसारखा.
आणि तेवढ्यात समुद्र निघून गेला.

आमच्या बेटांतली ओहोटी कुणासाठी थांबत नाही.
दोन-तीन पुरुष पाणी बघता बघता ओसरतं.
होडी चिखलात बसली, एका कुशीवर कलंडली,
तिच्यासोबत तूही.
बाबा उतरले ते मांडीपर्यंत रुतले.
आधी होडीला रेटलं, मग शिव्या दिल्या,
मग कुठल्याशा संताला मेंढी कबूल केली,
मग नुसतेच उभे राहिले, हात लोंबते सोडून,
आणि त्यांच्याभोवती पक्षी
निवांत शिंपले टिपत होते.

सहा तास.

माझा एक पाय जगात, बाकी सगळी मी तुझ्यात.
सुनिल्दाने तो पाय बाबांच्या लोकरी टोपीत गुंडाळला.
जन्मण्याआधीच मी अंगावर काही ल्यायले होते,
असं म्हणणारी माणसं फार नसतील.

कळ दे, असं ती म्हणालीच नाही.
कळ धर, म्हणाली. अजून धर. आणखी थोडी.
ओढावं तर पोर जाईल,
थांबावं तर तू जाशील,
हे तिने तुझ्यासमोरच, तुझ्याच तोंडावर मोजलं,
आणि तू तोंडात नांगराचा दोर धरलास.

तुझा पुढचा तुटका दात, आई.
शाळेत मी जीभ तिथे लावून
तुझ्या बोलण्याची नक्कल करायचे.
पोरी लोळून हसायच्या.
एकदा तू दारात उभी होतीस.
काही बोलली नाहीस, डबा ठेवलास, गेलीस.

पाणी परतलं ते आधी ऐकू आलं.
होडीखाली, बुडबुड, कुणी हळूच हाक मारावी तसं.
"किती आलंय?" असं तू विचारलंस म्हणे.
दर थोड्या वेळाने. दुसरं काहीच नाही.
मग होडी हलली, सरळ झाली,
मग कंबर, दुसरा पाय, एकेक हात,
आणि सगळ्यात शेवटी, नाइलाजाने,
माझं हे हट्टी डोकं.

आता मी त्याच पाण्यावरच्या फेरीबोटीत तिकिटं फाडते.
महिन्यातून एकदा तू येतेस, पाठदुखीची औषधं आणायला,
आणि नेमके सुटे पैसे माझ्या हातावर ठेवतेस.
नको म्हटलं की म्हणतेस, बोट काय तुझी आहे?
लोक बघतात. मी पैसे घेते.
उतराई कसली व्हायची तुझी,
मी तर अजून तुझ्याकडूनच भाडं वसूल करते.

तो चिखलाचा पट्टा आला की तू दुसऱ्या बाजूला बघतेस.
मी मात्र बघते. ओहोटीत तिथे काहीच नसतं.
चिखल, पक्षी, एखादं फुटकं बोयं.

काल रात्री भांडी झाली,
शेगडीत शेवटचं लाकूड टाकलंस
आणि जमिनीवर पालथी पडलीस, कण्हत.
"जरा पाय दे गं पाठीवर."
मी मोजे काढले. भिंतीला हात टेकला.
एवढी लहान पाठ.
वर्षानुवर्षं जे बोलायचं राहिलंय
ते आता बोलावं, म्हणून तोंड उघडलं,
आणि उजवं पाऊल उचललं,

तर तू, डोळे मिटलेलेच ठेवून,
"तो नाही," म्हणालीस.
"डावा आधी."